दोन्ही हात वर

पद्माकर देवस्थळी ब्रेक तपासतो. र्युसेल्सहाइमला, मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत, गेली एकोणीस वर्षं. गाडी पळते कशी यात त्याला फारसा रस नाही. ती थांबते का, आणि थांबते म्हणजे नेमकी किती मीटरांत, एवढाच त्याचा प्रश्न असतो. हा स्वभाव तो कामावरून घरी आणतो, असं त्याची बायको सरिता म्हणते. घरून कामावर नेतो, असं आमचं मत आहे.

आमच्या भटकंतीचा तो म्होरक्या. ग्रुपचं नाव ‘चालते व्हा’. हे नाव कुंदाताईंनी ठेवलं. त्या लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात आहेत आणि लोकांना घालवून देण्याची त्यांना उपजत कला आहे. ग्रुपात वीस-बावीस माणसं, निम्मे इंजिनिअर, निम्मे आयटीवाले, आणि सगळेच्या सगळे स्वतःला सह्याद्रीतले गडी म्हणवणारे. पुराव्यादाखल बहुतेकांजवळ सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीच्या आठवणी आहेत. गडाच्या आठवणी कमी.

मार्चमध्ये आम्ही फाल्त्समध्ये बदाम फुलतात तिथे जातो, उन्हाळ्यात टाउनुसच्या जंगलात, ऑक्टोबरात पुन्हा फाल्त्समध्ये, रानात पडलेले चेस्टनट वेचायला. आणि फेब्रुवारीत तीन दिवस आल्गॉयच्या डोंगरात, बुटांखाली टोपल्याएवढे स्नोशू बांधून, बर्फात. प्रत्येक वेळी बुधवारी पद्माकरची ईमेल येते. कलमं बारा. कलम चार: बूट घोट्याच्या वर. कलम सात: चिवड्याच्या पिशव्या परत आणाव्यात, चिवडा संपला तरी. कलम अकरा: गाणी वाटेवर म्हणू नयेत, विश्रांतीच्या जागी म्हणावीत आणि शक्यतो तिथेही म्हणू नयेत.

हिवाळ्यात याला एका कार्डाची जोड असते. हे कार्ड त्याने स्वतः तयार करून लॅमिनेट केलेलं आहे आणि ते प्रत्येकाच्या खिशात असावं लागतं. त्यावर दोन माणसं काढली आहेत. पहिल्याचे दोन्ही हात वर: होय, मदत हवी. दुसऱ्याचा एक हात वर आणि एक खाली: नको, मदत नको. डोंगरात हेलिकॉप्टरशी बोलायची हीच भाषा. खाली जाड अक्षरांत लिहिलं आहे: ‘हेलिकॉप्टरला टाटा करू नये.’ या ओळीवर आम्ही बरीच वर्षं हसत आलो. अशी सूचना लागावी असं आपल्यात कोण आहे, असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

मग वासुदेवराव आले.

वासुदेवराव म्हणजे सरिताचे थोरले भाऊ. संगमनेरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटे. नव्वद दिवसांच्या व्हिसावर डिसेंबरात बहिणीकडे आले ते लोकरीची माकडटोपी घालूनच, आणि ती त्यांनी मार्चपर्यंत उतरवलेली आम्ही पाहिली नाही. त्यांना हात हलवायची सवय होती. गाडी दिसली की हात हलवायचे, मग ती रेल्वे असो, ट्राम असो, ऱ्हाईनमधलं मालाचं जहाज असो. समोरचाही हलवायचा. पुढे पुढे तर कचऱ्याच्या गाडीवरचे दोघे दर मंगळवारी भोंगा वाजवून जायला लागले.

“तुम्ही ओळखता का त्यांना?” पद्माकरने विचारलं.

“आता ओळखतो की,” वासुदेवराव म्हणाले.

पद्माकरला याची लाज वाटायची. तसं तो बोलला कधी नाही, पण स्टेशनवर उभं राहताना तो वासुदेवरावांपासून दोन पावलं अंतर ठेवायचा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याची मुलगी अन्वी सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि त्या वयात जर्मनमधला एकच शब्द पुरतो: ‘पाइनलिश’. म्हणजे लाज आणणारं. आईचा डबा पाइनलिश, बापाची ईमेल पाइनलिश. मामा मात्र ‘टोटाल पाइनलिश’. पद्माकर तिला दटावायचा. दटावण्यात जोर कमी असायचा.

फेब्रुवारीत त्यांना आल्गॉयला न्यावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. सरिता म्हणाली, दादाने जन्मात बर्फ पाहिलेला नाही. पद्माकर म्हणाला, पाहायला हरकत नाही, खिडकीतून. शेवटी वासुदेवराव आले. माकडटोपी, उसनं जाकीट, उसने स्नोशू आणि खिशात कार्ड.

तिथल्या वाटांवर येणारा-जाणारा माणूस ‘ग्र्युस गॉट’ म्हणतो.

“गॉट म्हणजे देव ना?” वासुदेवरावांनी विचारलं.

“जा, गेनाऊ,” पद्माकर म्हणाला. हे ‘हो, बरोबर’ त्याच्या तोंडून झोपेतही जर्मनमध्येच येतं.

“मग आपल्या रामरामासारखंच की,” वासुदेवराव म्हणाले आणि त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी मोठ्याने राम राम घातला. दोन म्हाताऱ्या बाया तर थांबून राम राम म्हणायला शिकल्या. पद्माकर तेवढा वेळ नकाशा पाहत होता. नकाशात पाहण्यासारखं काही नव्हतं. वाट एकच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, उघड्या उतारावर, वासुदेवरावांच्या उजव्या स्नोशूचा पट्टा सुटला. पद्माकरने आम्हाला पुढे वळणापलीकडे जाऊन थांबायला सांगितलं आणि तो त्यांच्यासाठी मागे राहिला. वासुदेवराव बर्फात बसले होते, पाय पुढे, हातमोजे काढून पट्ट्याशी झटापट करत. पद्माकर शेजारी उभा होता.

तेवढ्यात खालच्या दरीतून हेलिकॉप्टर वर आलं. ते पुढे निघून गेलं असतं, पण उतारावर एक माणूस बर्फात बसलेला आणि दुसरा त्याच्यावर वाकलेला पाहून रेंगाळलं. चौकशी करावी तसं.

पद्माकर कराडचा. एकत्र कुटुंबात, लग्नामुंजींच्या पंगतींत वाढलेला. जिलबीचं ताट घेतलेला वाढपी आपल्याकडे येताना दिसला की पोट भरलेल्या माणसाने काय करायचं, हे पंगतीत कुणी शिकवत नाही. दोन्ही हात आपोआप वर जातात, पंजे पुढे, आणि हलतात: नको, नको, पुढे व्हा. वाढपी त्याचा अर्थ ‘अजून आग्रह करा’ असा घेतो, ही गोष्ट वेगळी.

इतकी वर्षं जर्मनीत काढलेल्या, कार्ड स्वतः लॅमिनेट केलेल्या पद्माकरने हेलिकॉप्टरला नेमकं हेच केलं. दोन्ही हात डोक्याच्या वर, पंजे पुढे. नको, नको. आम्ही ठीक आहोत. पुढे व्हा.

वैमानिकाने वाढप्यासारखाच अर्थ घेतला.

हेलिकॉप्टर खाली आलं. बर्फाचा असा लोट उठला की वळणापलीकडे आम्हालाही काही दिसेना. आम्ही धडपडत मागे आलो तेव्हा उताराच्या सपाट भागावर ते टेकलेलं होतं आणि पहाडी बचावपथकाचा एक माणूस गुडघाभर बर्फातून पावलं टाकत येत होता. त्याने वासुदेवरावांचा पाय पाहिला. पाय उत्तम होता. मग त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली आणि विचारलं, “हात कुणी वर केले?”

पद्माकरने तोंड उघडलं. हे तो स्वतः सांगतो, आणि ते खरं असावं. पण तोंड उघडणं आणि बोलणं यांत थोडं अंतर असतं. थांबण्याचं अंतर मोजायला त्याच्याइतकं कुणाला येत नाही.

त्या अंतरात वासुदेवरावांनी हात वर केला. एकच, वर्गात करतात तसा. जर्मन त्यांना कळत नव्हतं, पण रागावलेला माणूस काय विचारतो हे कोणत्याही शाळेतल्या माणसाला कळतं.

“मी,” ते म्हणाले. “आय. सॉरी.”

त्या माणसाने माकडटोपी पाहिली आणि त्याला सगळं पटलं. आम्हालाही पटलं. तो मग पद्माकरकडे वळून शांतपणे, आवाज न चढवता बोलला. जर्मन माणूस आवाज चढवत नाही तेव्हा जास्त लागतं. तो म्हणाला, तुमच्या पाहुण्यांना समजावून सांगा. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. पलीकडच्या उतारावर एक बाई पाय मोडून बर्फात पडल्या आहेत. त्या आमची वाट पाहताहेत आणि आम्ही इथे उभे आहोत.

पद्माकरने भाषांतर केलं.

शब्दन् शब्द केलं. “वासुदेवराव, ते म्हणताहेत, दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. तिकडे एक बाई पाय मोडून पडल्या आहेत.” भाषांतर अचूक होतं. वासुदेवराव मान हलवत ऐकत होते. मग पद्माकरने खिशातून कार्ड काढलं आणि त्यावरच्या दोन माणसांवर बोट ठेवून समजावलं: हा होय, हा नाही. बचाववाला कार्ड पाहून खूश झाला. असं प्रत्येक ग्रुपकडे असायला हवं, असं म्हणाला. पद्माकर ‘डांके’ म्हणाला.

हेलिकॉप्टर गेल्यावर सरिता भावावर तुटून पडली.

“दादा, किती वेळा सांगितलं तुला! इथे ऊठसूट हात नाही हलवायचे! ती बाई तिकडे थंडीत पडलीये, आणि तू इथे टाटा करतोयस!”

“चुकलं गं,” वासुदेवराव म्हणाले.

“चुकलं काय चुकलं! बारा माणसांची लाज काढलीस.”

“मामा, एश्त येत्स्ट?” अन्वी म्हणाली. म्हणजे, खरंच का हो आता? पाइनलिश हा शब्दही तिला पुरला नव्हता.

त्या बाईंना अर्ध्या तासात इस्पितळात नेलं, पाय सरळ बसला, असं मुक्कामाच्या पहाडी गेस्टहाउसच्या मालकिणीकडून चार वाजता कळलं. सगळे सुटलो. सुटका झाल्यावर माणसाला हसायला येतं. कुंदाताईंनी तिथल्या तिथे वासुदेवरावांचं नाव ‘हेली-मामा’ ठेवलं.

बूट वाळवायच्या खोलीत पद्माकरने त्यांना एकटं गाठलं. भिंतीवर गरम हवेचे नळ, त्यांवर उलटे टांगलेले बूट, आणि बाकावर वासुदेवराव मोजे बदलत होते. पुढे काय बोलणं झालं ते सरिताने फार नंतर सांगितलं.

“वासुदेवराव, ते मी सांगून टाकतो सगळ्यांना.”

“काय सांगून टाकता?”

“हात माझे होते.”

“अहो, मला काय माहीत नाही? मी शेजारीच बसलो होतो. जावई आहात तुम्ही आमचे. तुमची मान चार लोकांत खाली गेली तर संगमनेरला मी काय तोंड दाखवू? आणि माझं काय जातंय? बावीस दिवसांनी मी विमानात. तुम्हाला ह्याच लोकांत राहायचंय.”

“निदान सरिताला तरी—”

“तिला तर मुळीच नाही. माझ्यावर रागवायची तिला चौथीपासून सवय आहे. तुमच्यावर रागावली तर दोघांनाही जड जाईल.”

जावयाला कमीपणा येऊ द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. तिच्यापायी पद्माकरच्या सासऱ्यांनी आयुष्यभर स्वतःच्या घरातली सगळ्यांत मऊ गादी त्याला दिली होती. आता मेव्हण्याने ही दिली. पद्माकर तीवर बसला. नको म्हणायला त्याचे हात त्या वेळी वर गेले नाहीत.

पुढच्या बावीस दिवसांत वासुदेवरावांनी कुणालाही हात हलवला नाही. पद्माकर सांगतो, एकदा फ्लॅटच्या मागच्या पुलावर ते दोघे उभे होते आणि खालून लाल रंगाची लांब गाडी गेली. वासुदेवरावांचा हात कोपरापर्यंत वर आला. त्यांनी पद्माकरकडे पाहिलं, आणि हात खिशात घातला. अपराधी चेहऱ्याने. चूक खरोखर आपलीच असावी असं आता त्यांनाही वाटत असावं, असा चेहरा. मंगळवारी कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला की ते आतल्या खोलीत जायचे.

मार्चमध्ये ते गेले. त्याच महिन्यात फाल्त्समध्ये बदामाच्या झाडांखाली कुंदाताईंनी हेलिकॉप्टरची गोष्ट नव्या तीन कुटुंबांना सांगितली. पद्माकर पुढची वाट तपासायला म्हणून पुढे गेला. जूनमध्ये टाउनुसला तीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली, तोवर त्यात वैमानिकाने राम राम केल्याची भर पडली होती. पद्माकर बुटाची नाडी बांधत होता. ऑक्टोबरात चेस्टनट वेचताना अन्वीने स्वतः ती गोष्ट वर्गातल्या मैत्रिणीला जर्मनमध्ये सांगितली, मामाच्या चालीची नक्कल करून, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली सरिता. हसून झाल्यावर म्हणाली, “बिचारा दादा. पण खरंच, मला त्या दिवशी इतकी लाज वाटली होती ना त्याची.”

पद्माकरच्या हातात काटेरी फळ होतं. ते त्याने सोलायच्या ऐवजी मुठीत धरलं, असं पाहणाऱ्यांनी पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

त्याच्या ईमेली मात्र बदलल्या. बाराची नऊ कलमं झाली, नवाची सहा. डिसेंबरात तर फक्त ‘रविवार, साडेनऊ, जे जमेल ते आणा’ एवढंच आलं. आम्हाला वाटलं, माणूस वयाने मऊ होतोय. कुणी तरी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “आल्झो, म्हणजे असं की, नियम सांगायला माणूस तसा लागतो.” हे आम्ही विनयात जमा केलं.

या फेब्रुवारीत पुन्हा आल्गॉय. तेच गेस्टहाउस, सकाळचे नऊ, बाहेर लख्ख ऊन, अंगणात आम्ही चौदाजण स्नोशू बांधून तयार. सरिता आणि अन्वी पुढेच उभ्या. नवीन चौघांसाठी खुणा दाखवायच्या होत्या. पद्माकरने एक हात वर, एक खाली करून दाखवलं: नको. मग तो थांबला.

“आता हेली-मामांची खूण दाखवा!” मागून यशवंत ओरडला. तो कोलोनहून येतो, टीव्हीच्या कंपनीत आहे, आणि कुठे हशा मिळेल हे त्याला कळतं. हशा मिळाला.

पद्माकरने दोन्ही हात वर केले. वर ठेवूनच म्हणाला, “ही वासुदेवरावांची खूण नाही. माझी आहे. गेल्या वर्षी हात मी वर केले होते. ते खाली बसून पट्टा बांधत होते.”

त्याने हात खाली घेतले.

“हेलिकॉप्टरला नको म्हणायला गेलो. त्याने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. वासुदेवरावांनी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. वर्षभर.”

एवढं बोलायला त्याला एक वर्ष लागलं होतं. आम्हाला उत्तर द्यायला दहा सेकंद लागले.

“पद्माकर,” कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, “मेव्हण्यासाठी एवढं? आम्ही जरा जास्तच थट्टा केली त्यांची, कबूल. पण म्हणून तू स्वतःवर घ्यावंस?”

“घेत नाहीये. देतोय. म्हणजे, परत घेतोय.”

“ह्याला म्हणतात जावई!” यशवंत म्हणाला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे आवाज आला नाही, पण भावना पोचली. ज्याने कार्ड बनवलं तो अशी चूक करेल, हे आमच्या गणितात बसतच नव्हतं. माकडटोपीतला माणूस बसत होता.

पद्माकर लाल झाला. त्याने फोन काढला. “थांबा. त्यांनाच विचारू.” संगमनेरला दुपारचा दीड वाजला असणार. त्याने स्पीकर लावला. तीन वेळा रिंग होऊन वासुदेवराव आले.

“बोला पद्माकरराव! बर्फात का? आवाजावरून वाटतंय.”

“वासुदेवराव, सगळे ऐकताहेत. सरिता, अन्वी, सगळे. गेल्या वर्षी हेलिकॉप्टरला हात कुणी दाखवले, ते सांगा.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“अहो, हे काय आता उकरून काढलंत,” वासुदेवराव म्हणाले. “मीच की तो. म्हातारपणी होतं असं. सगळ्यांना म्हणावं, माफ करा. सांभाळून चाला हं, पट्टे नीट आवळा.”

“वासुदेवराव, खरं सांगा. माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठीच सांगतोय हो,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

“बघा!” यशवंत म्हणाला. हशा झाला, पद्माकरच्या पाठीवर थापा पडल्या. इतका मान त्याला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता. तो थापा घेत उभा होता, आणि प्रत्येक थापेबरोबर त्याची मान जराशी खाली जात होती. आम्ही त्याला संकोच म्हटलं.

सरिता हसली नव्हती. ती त्याच्याजवळ आली. तिने विचारलं नाही की खरं काय. आवाजही चढवला नाही.

“भाषांतर तू केलंस,” ती म्हणाली.

पद्माकरने मान हलवली.

“कार्ड काढून समजावलंस त्याला. माझ्यासमोर. आणि मग मी त्याला बोलले. सगळ्यांदेखत बोलले. आणि तू ऐकत होतास.”

“हो.”

“वर्षभर.”

“हो.”

अन्वी दोघांमध्ये उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. तिच्या ठेवणीतला शब्द तिने वापरला नाही. मराठीत विचारलं, आणि तिच्या तोंडून मराठी आम्ही क्वचित ऐकतो: “मामाला माहीत होतं? मी नक्कल करायचे ते?”

“नाही,” पद्माकर म्हणाला. मग म्हणाला, “मला मात्र माहीत होतं.”

निघायला उशीर होत होता, म्हणून निघालो. रात्री ताजा बर्फ पडला होता, गुडघाभर. अशा बर्फात म्होरक्या पुढे चालून वाट पाडतो आणि बाकीचे त्याच्याच पावलांत पाय टाकत जातात. श्रम एकाचे, सोय सगळ्यांची. पद्माकर पुढे झाला. दहा-बारा पावलं गेल्यावर सरिता रांगेतून बाहेर पडली आणि चार हात बाजूला, कोऱ्या बर्फात स्वतःची वाट पाडत चालू लागली. तिला ते जमत नव्हतं. दर तिसऱ्या पावलाला ती मांडीपर्यंत रुतायची, काठी टेकून निघायची, पुन्हा चालायची. पद्माकरने एकदा मागे वळून पाहिलं. थांब म्हणाला नाही. तसं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, याचा तो बहुधा विचार करत असावा.

अन्वी त्या फाट्यापाशी क्षणभर उभी राहिली, मग आईच्या मागे गेली.

उरलेले आम्ही पद्माकरच्या मागून चालत राहिलो. ती वाट तुडवलेली होती.